आईची ‘शीर धरली होती’: गोळ्यांच्या निमित्ताने साडेचार महिने

फेब्रुवारीच्या शेवटी मी औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट आणलं. नाव मैत्रिणीने लिहून दिलं होतं. तिचा पाळीचा त्रास त्या गोळ्यांनी कमी झाला होता. माझंही लेक झाल्यापासून रक्त फार जायचं, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाणं नकोसं व्हायचं. शिवाय आम्हाला दुसरं मूल नको होतं. दुकानदाराने पाकीट दिलं, पैसे घेतले, दोन मिनिटांत मी बाहेर. पाकिटातला घडी घातलेला कागद मी उघडलासुद्धा नाही.

दोन महिने छान गेले. रक्त कमी झालं, पोटात दुखायचं थांबलं. दुसरं पाकीट संपत आलं तेव्हा नवरा म्हणाला, “एवढ्या गोळ्या घेतेयस, एकदा डॉक्टरांना तरी विचार.” मी गेले ती केवळ चिठ्ठी लिहून घ्यायला, म्हणजे दर वेळी मैत्रिणीचा मेसेज दाखवायला नको.

२२ एप्रिल. पुण्यातला साधा दवाखाना, फी ८०० रुपये. मला वाटलं होतं आतून तपासतील, म्हणून मनाची तयारी करून गेले होते. तसं काही झालं नाही. मॅडमनी आधी रक्तदाब घेतला (११८/७६), वजन-उंची घेतली आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. विडी-सिगारेट? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकत्या रेघा येतात का? अर्धशिशी आहे का? कधी पायाला प्लास्टर, मोठं ऑपरेशन? बाळंतपण कसं झालं? सगळ्याला मी भराभर उत्तरं देत होते.

मग त्यांनी विचारलं, “घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली होती? पायात, फुप्फुसात, मेंदूत?”

मी म्हटलं, “नाही.”

त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी तोच प्रश्न वेगळा करून विचारला. “कुणाचा एकच पाय सुजला होता का? कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्यात? बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर कुणी अचानक गेलंय?”

आणि मला आठवलं. मी दहावीला होते. आईची गर्भपिशवी काढली आणि ती घरी आल्यावर काही दिवसांनी तिचा उजवा पाय सुजला. तिला पुन्हा ॲडमिट केलं, मला मामाकडे पाठवलं. घरात सगळे म्हणायचे, “तिची शीर धरली होती.” गुठळी हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलाच नव्हता, म्हणून मी खरंखुरं ‘नाही’ म्हटलं होतं. मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर चिठ्ठी घेऊन मी घरी आले असते.

पाकीट त्यांनी हातात घेऊन बघितलं. माझ्या गोळीत इस्ट्रोजेन आणि ड्रोस्पिरेनोन अशी दोन हॉर्मोन्स एकत्र होती, म्हणजे ती ‘मिश्र’ गोळी. मग त्यांनी कागदावर आकडे लिहून दाखवले. तो कागद अजून माझ्याकडे आहे. गोळ्या न घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षभरात साधारण २ जणींना गुठळी होते. इस्ट्रोजेनसोबत लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हॉर्मोन असलेल्या जुन्या धाटणीच्या मिश्र गोळ्या घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. सरकारी ‘माला-डी’ याच प्रकारातली. ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांत ९ ते १२ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका कुठल्याही गोळीपेक्षा जास्त असतो. म्हणजे १०,०००पैकी हजारो जणींना काहीही होत नाही. मॅडमनी हे दोनदा सांगितलं, आणि मीही इथे मुद्दाम लिहितेय, कारण हे वाचून कुणी घाबरून गोळ्या फेकून द्याव्यात असं मला अजिबात वाटत नाही. प्रश्न इतकाच की त्या थोड्या जणींत आपण बसतो का, हे सुरू करण्याआधी बघायचं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेची यासाठी यादी आहे. प्रत्येक परिस्थितीला १ ते ४ असा आकडा. १ म्हणजे बिनधास्त घ्या, ४ म्हणजे घ्यायच्याच नाहीत. स्वतःला पूर्वी गुठळी झाली असेल तर मिश्र गोळ्यांना ४. अर्धशिशीआधी डोळ्यांसमोर रेघा येत असतील तर ४. पस्तिशीनंतर दिवसाला १५ किंवा जास्त सिगारेटी असतील तर ४. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला गुठळी झाली असेल तर २, म्हणजे साधारण चालतं, पण विचार करून. ब्रिटनच्या यादीत मात्र नातेवाइकाचं वय तेव्हा पंचेचाळिशीच्या आत असेल तर ३ धरतात. आणि रक्त लवकर गोठण्याचा दोष आनुवंशिक आहे असं सिद्ध झालं असेल तर सरळ ४.

“आई किती वर्षांची होती?” मी हिशेब केला. चाळीस.

“गोळ्या आजपासून बंद. आधी आईची जुनी फाइल आणा.”

धोका सगळ्यात जास्त पहिल्या काही महिन्यांत असतो, हेही त्यांनी सांगितलं. महिनाभर सोडून पुन्हा सुरू केल्या तर तो पुन्हा वर जातो. मी घरी येताना रिक्षात बसून हेच मोजत होते, की ते पहिले महिने मी कुणालाही न विचारता काढले. त्या रात्री उठून दोनदा पोटऱ्या चाचपून बघितल्या.

शनिवारी कराडला गेले. आईला फोनवर सांगितलं नव्हतं. जेवणं झाल्यावर विचारलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, ते किती जुनं झालं. तुला कशाला हवंय?” मी सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “माळ्यावर आहे. पितळेच्या पातेल्यांच्या मागं.”

निळी प्लॅस्टिकची पिशवी. आत विम्याचे कागद, माझी शाळेची प्रगतिपुस्तकं आणि खाली २००७ सालचं डिस्चार्ज कार्ड, घडीवर फाटायला आलेलं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: उजव्या पायात डीप व्हेन थ्रॉम्बॉसिस (खोल शिरेत रक्ताची गुठळी), शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी. त्याखाली शंभर पानी वही. आईच्या अक्षरात तारीख, पुढे आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या तपासणीचा) आकडा, पुढे रक्त पातळ करायची गोळी किती. १.४, एक गोळी. १.९, दीड गोळी. २.६, तीच ठेवा. मधेच रेघ मारून ‘मेथी नको, पालक नको’. सहा महिने दर आठवड्या-पंधरवड्याला ती रक्त द्यायला जात होती, एकटी, एसटीने, आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुझ्या लग्नाच्या वेळी कशाला बोलायचं? लोक म्हणतील, हिच्या घरात रक्ताचा आजार आहे.”

फाइल पिशवीत परत घालताना ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, “थोरल्या ताईचंही तसंच काहीतरी झालं असेल का गं?” माझी थोरली मावशी बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी गेली. मी तिला पाहिलेलं नाही. घरात एवढंच सांगत, की उठून न्हाणीघरात गेली, दम लागला आणि गेली. तिचा कुठलाच कागद नाही. काय झालं होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, पण आईच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

फाइल बघून मॅडम म्हणाल्या की नुसतं आईचं असतं तर ऑपरेशनमुळे झालं असं म्हणता आलं असतं. पण मावशीची हकिकत धरता रक्तविकारतज्ज्ञांना दाखवू. ते आठवड्यातून दोनच दिवस बसतात. अकरा दिवसांनंतरची वेळ मिळाली. फी १,२०० रुपये.

मला वाटत होतं माझं रक्त घेतील आणि विषय संपेल. ८ मेला गेले तर डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला आधी माहीत असत्या तर मनाची घालमेल कमी झाली असती. एक, मी नुकत्याच गोळ्या थांबवल्या होत्या. रक्त गोठण्याला आवर घालायला प्रोटीन एस नावाचं प्रथिन मदत करतं; इस्ट्रोजेनने त्याचं प्रमाण आपोआप खाली येतं, गरोदरपणातही येतं, त्यामुळे आत्ता तपासलं तर खोटं कमी दिसू शकतं. दोन महिने तरी थांबायचं. दुसरं, तपासणी आधी ज्याला गुठळी झाली त्याची करायची. आईत दोष सापडला तर माझ्यात नेमका तोच शोधता येतो. आईला न तपासता माझे रिपोर्ट नॉर्मल आले तर त्यातून फारसं काही कळत नाही, कारण घराण्यात असलेला दोष कदाचित तपासलाच गेला नसेल. आई रक्त पातळ करायची गोळी घेत असती तर तिचंही तपासून उपयोग नव्हता. पण तिच्या गोळ्या कधीच बंद झालेल्या होत्या.

मी विचारलं, “मग सगळ्याच बायकांची ही तपासणी का करत नाहीत?” ते म्हणाले, दोष दुर्मीळ, तपासणी महाग, आणि रिपोर्ट नॉर्मल आला की लोक उगाच निर्धास्त होतात. म्हणून आधी प्रश्न विचारायचे, रक्तदाब बघायचा, आणि उत्तरात काही सापडलं तरच पुढे जायचं. युरोपात फॅक्टर फाइव्ह लायडन हा दोष बऱ्यापैकी आढळतो, आपल्याकडे तो त्या मानाने कमी. म्हणून इथे प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन या गोठणं आवरणाऱ्या घटकांकडेही नीट बघायला लागतं.

आई १२ मेला पुण्याला आली. तपासण्यांच्या पूर्ण संचाचे १२,६०० रुपये. माझ्या मेडिक्लेममध्ये ॲडमिट न होता केलेल्या तपासण्या बसत नाहीत, तेव्हा सगळे खिशातून. आईला आकडा कळला तेव्हा ती उठून निघालीच होती. शेवटी मी म्हटलं, “तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी दे.” मग बसली.

दोन दिवसांनी लॅबमधून फोन: नमुना नाकारला, पुन्हा द्यावा लागेल. या तपासणीची बाटली निळ्या टोपणाची असते आणि आत आधीच थोडं द्रव असतं. रक्त नेमक्या खुणेपर्यंत भरावं लागतं, कमी भरलं तर प्रमाण बिघडतं. आमची बाटली कमी भरली होती. जादा पैसे घेतले नाहीत, पण आईला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली आणि कराडचं परतीचं तिकीट वाया गेलं. दुसऱ्या खेपेला मी तिच्या शेजारीच उभी राहिले आणि बाटली खुणेपर्यंत भरलेली डोळ्यांनी बघितली. तुमच्यावर वेळ आली तर घरी येऊन रक्त नेणाऱ्यांपेक्षा मुख्य लॅबमध्ये जाऊनच द्या, असं मी म्हणेन. नमुना लवकर वेगळा करून गोठवून ठेवावा लागतो, आणि मुख्य लॅबमध्ये ते लगेच होतं.

२३ मेला रिपोर्ट आला. बाकी सगळं नॉर्मल. फ्री, म्हणजे रक्तात मोकळं असलेलं, प्रोटीन एस ३६ टक्के. त्या लॅबची खालची हद्द ५५.

प्रोटीन एस म्हणजे काय, हे डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. रक्त गोठवणारी एक यंत्रणा आणि तिला आवर घालणारी दुसरी. प्रोटीन सी आवर घालतं, प्रोटीन एस त्याच्या हाताखाली काम करतं. हे कमी असेल तर आवर सैल. त्यात इस्ट्रोजेनची गोळी एकीकडे गोठवणारे घटक वाढवते आणि दुसरीकडे प्रोटीन एस आणखी खाली आणते. माझ्या गोळ्या बंद का केल्या ते मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजलं. पण एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. काही आठवड्यांनी परत बघायचं.

मधले महिने कंटाळवाणे गेले. कंडोम वापरत होतो. रक्त पुन्हा पूर्वीसारखं जायला लागलं. त्यासाठी मॅडमनी पाळीच्या दिवसांत घ्यायच्या साध्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या, त्यांनी थोडा फरक पडला. ८ जुलैला, गोळ्या थांबवून अकरा आठवडे झाल्यावर, माझं रक्त दिलं. फक्त फ्री प्रोटीन एस, ३,१०० रुपये. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते. ४१.

आईमुलीतलं अंतर पाच टक्क्यांचं. आईला फोन केला तर ती पहिलं वाक्य बोलली, “माझ्यामुळं तुला.” मी तिला म्हटलं, तुझ्या वहीमुळे मला कळलं. ते मी धीर द्यायला म्हटलं नव्हतं. ती वही तिने टाकली असती तर मी आजही कदाचित त्याच गोळ्यांवर असते.

ऑगस्टच्या मध्यात दोघींचं परत रक्त दिलं. आई ३८, मी ४३. दोघींचे दोन दोन रिपोर्ट कमी, म्हणजे नक्की झालं. वाट बघण्याच्या त्याच दिवसांत गौरींची गडबड सुरू होती आणि माझी तारीख नेमकी पूजेच्या दिवशी येत होती. जाऊबाई म्हणाल्या, “अगं, तीन दिवस गोळी घे, पुढे ढकल. आम्ही सगळ्या घेतो.” प्रेमाने म्हणाल्या, आणि पूर्वी मीही दोनदा घेतलेली आहे. या वेळी डॉक्टरांना विचारलं. पाळी पुढे ढकलायला बहुतेक नॉरएथिस्टेरॉन देतात. एरवी त्याला इस्ट्रोजेन नसलेलं औषध समजतात, पण त्या मोठ्या मात्रेत त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. माझ्यासाठी नाही म्हणाले. सासूबाईंना मी सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, “राहू दे, नैवेद्य थोरली दाखवेल, तू बस.” मी हॉलमध्ये बसून गौरींकडे बघत होते. पूजेला हात लागला नाही याचं वाईट वाटलं, ते वाटणारच. पण आपल्याकडे सणावारी घरात पाच-सहा बायका या गोळ्या दुकानातून आणून वाटून घेतात, आणि त्यांतल्या एकीलाही कुणी विचारत नाही की तुझ्या आईचा पाय कधी सुजला होता का. मला हे आता स्वस्थ बसू देत नाही.

४ सप्टेंबरला दोन्ही डॉक्टरांचं मत घेऊन निर्णय झाला. इस्ट्रोजेनच्या मिश्र गोळ्या, अंगाला चिकटवायचे पॅच, योनीत ठेवायची रिंग कायमच्या बंद. तांबी चालते, यादीत तिला १; पण तांबीने रक्त जास्त जाऊ शकतं आणि माझी तक्रार तीच होती. म्हणून गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं साधन. त्यात इस्ट्रोजेन नसतं, माझ्या दोषाला यादीत त्याचा आकडा २. भारतीय कंपनीचं घेतलं, ३,४०० रुपये, बसवण्याचे ३,०००. पाळीच्या तिसऱ्या दिवशी बसवलं. दोन-तीन मिनिटं जोरात कळ आली, घाम फुटला, नंतर अर्धा तास पडून राहिले. जाताना सोबत कुणीतरी न्या, स्वतः गाडी चालवत परत येऊ नका. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात हे आधीच सांगितलं होतं, आणि ते पडताहेत.

एकूण खर्च डॉक्टरांच्या फिया धरून पस्तीस हजारांच्या आसपास गेला. प्रत्येकीला एवढा लागणार नाही, बहुतेकींचं काम पहिल्या भेटीतल्या प्रश्नांवरच होतं. त्या भेटीआधी घरी एक फोन मात्र जरूर करा, आणि विचारताना ‘गुठळी’ म्हणून विचारू नका. पाय सुजला होता का, शीर धरली होती का, रक्त पातळ करायची गोळी होती का, बाळंतपणात कोण गेलं, असं विचारा. आईकडचं जसं विचाराल तसं वडिलांकडचंही.

रोज औषध घ्यायला लागतं का, असं मला नणंदेने विचारलं. नाही. मला स्वतःला गुठळी झालेली नाही, त्यामुळे रोजची गोळी नाही. लक्षात ठेवायचं ते असं: ऑपरेशन, प्लास्टर, लांबचा विमानप्रवास किंवा पुन्हा दिवस राहिले तर आधी सांगायचं. एकाच पायाला सूज, पोटरीत कळ, अचानक दम, छातीत टोचणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, यातलं काही झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

मावसबहिणींना मी व्हॉट्सॲपवर सगळं लिहून पाठवलं, आईला विचारून. आई आधी नको म्हणत होती. मग म्हणाली, “पाठव. ताईच्या मुलीला तर नक्की पाठव.” थोरल्या मावशीची ती बारा दिवसांची मुलगी आता चाळिशीची आहे. तिचा तासाभराने फोन आला. तिला आईबद्दल एवढंच माहीत होतं, की दम लागला आणि गेली.

माझी लेक पाच वर्षांची आहे. तिचं आत्ता काही तपासायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मोठी झाली की तिचं ती ठरवेल. तिच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर मी निळ्या पेनाने लिहून ठेवलंय: आजी, २००७, उजव्या पायात रक्ताची गुठळी. आजी आणि आई, प्रोटीन एस कमी. चारही रिपोर्ट मागे लावलेत, आणि आईच्या वहीची झेरॉक्स.